कोकण किनाऱ्यावर तंबूत मुक्काम: सामान सांभाळायचं कसं?

पुणेरी_पंक्चर

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे दोन जोडपी, हर्णे ते तोंडवळी असं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा बेत करतोय. एक गाडी, दोन तंबू. दाभोळची आणि जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडायची, मुंबई-गोवा हायवेचं तोंडही बघायचं नाही. जेवण गावात, झोप सुरूच्या बनात. होमस्टेची माहिती नको, त्याचे धागे इथे ढिगाने आहेत.

प्रश्न सामानाचा आहे. बायकोचा कॅमेरा आणि दोन लेन्स, मित्राचा लॅपटॉप (त्याला सुट्टीतही 'फक्त एक कॉल' असतो), चार मोबाईल, गाडीची किल्ली. चौघं एकदम पाण्यात गेलो तर हे सगळं ठेवायचं कुठे? तंबूच्या चेनीला कुलूप लावतात का? रात्री काय करता? ऑफिसातल्या एका ग्रुपची अख्खी सॅक रायगडातल्या एका किनाऱ्यावरून गेली, तीही भर दिवसा, सगळे समोरच पाण्यात असताना. ते ऐकल्यापासून बायको म्हणतेय, लॉजवर राहू.

बाइकवाले, ट्रेकवाले आणि मुख्य म्हणजे तिथले रहिवासी यांनी लिहा प्लीज.

चाकावरचा

तंबूला बाहेरून कुलूप लावू नका. तंबू म्हणजे शेवटी कापड. ज्याला घ्यायचंय तो कुलपाशी झटापट करत बसणार नाही, ब्लेड फिरवेल. सामान तर जाईलच, वर पुढचे सगळे मुक्काम फाटक्या तंबूत. शिवाय रिकाम्या तंबूला लटकलेलं नंबरी कुलूप लांबूनच ओरडून सांगतं की आत ठेवण्यासारखं काहीतरी आहे आणि मालक जागेवर नाही.

रात्रीचं वेगळं. आत झोपलात की चेनीचे दोन्ही रनर एकाशेजारी आणून बुटाच्या लेसने आतून बांधा. बाहेरून कोणी ओढलं तर चेन सरकत नाही, तंबू हलतो, माणूस जागा होतो. गाठ सुरगाठच हवी. आग लागली, पाणी आलं, तर अंधारात एका झटक्यात सुटली पाहिजे.

सामान तंबूच्या कडेला कापडाला टेकवून ठेवायचं नाही. दोघांच्या मध्ये ठेवा. मोबाईल आणि पाकीट स्लीपिंग बॅगच्या तळाशी, पायांशी. चपला-बूट आत. किल्ली अंगावर, खिशात नाही तर गळ्यात.

आणि चोरी रात्री होते हा समज डोक्यातून काढा. रात्री तुम्ही तिथेच असता. माझ्या बघण्यातल्या बहुतेक गोष्टी गेल्या त्या तीन वेळांना. सूर्यास्ताला, कारण सगळे मोबाईल घेऊन पाण्याकडे पळतात आणि मागे तंबू उघडे. सकाळी, एकेक जण पाण्याची बाटली घेऊन झुडपांत किंवा चहाच्या शोधात गेला की. आणि आवरताना. ती वेळ सगळ्यात वाईट. सगळं सामान बाहेर वाळूत पसरलेलं, तंबूच्या खुंट्या मोजण्यात सगळे गुंतलेले, आणि कॅमेऱ्याची बॅग गाडीच्या टपावर. ती बॅग सगळ्यात आधी डिकीत गेली पाहिजे, तंबूला हात लावायच्या आधी.

निवृत्त_बोका

चोरांच्या यादीत कुत्रे राहिले. किनाऱ्यावरचे कुत्रे चप्पल नेतात आणि नेमाने एकच नेतात. दुसरी तुम्हाला आठवण म्हणून. सकाळी शंभर पावलांवर सापडते, पट्टा चघळलेली.

कोल्हे खाण्याच्या पिशव्या नेतात. माकडांना चेन उघडता येत नाही, पण चेन उघडायची असते हेच त्यांना मान्य नाही. ज्या तंबूत केळी किंवा बिस्किटाचा पुडा असेल तो फाटणार. खाणं गाडीत, झाकणाच्या डब्यात. एका मित्राने गावातल्या पोरांवर ब्रेड चोरल्याचा संशय घेतला होता आणि तासाभराने माडावरून प्लॅस्टिकची पिशवी खाली पडली, ब्रेड वगळून.

(दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

टीडीएस_कापा

सगळे गोलगोल बोलताहेत म्हणून स्पष्ट लिहितो. किनाऱ्यावर चोऱ्या करणारी गावातलीच रिकामटेकडी पोरं असतात. कोण कुठे उतरलंय, कधी पाण्यात जातंय हे त्यांनाच ठाऊक असतं. ऐन सीझनमध्ये पोलीसही लक्ष देत नाहीत. सरळ लॉजवर राहा, वहिनी बरोबर बोलताहेत.

आगरातली

@टीडीएस_कापा, तुम्ही पाहिलंत का कोणाला? नसेल पाहिलं तर हा नुसता आळ झाला.

माझं माहेर श्रीवर्धनकडचं. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गावची माणसं किती आणि बाहेरची किती, हे एकदा येऊन बघा. पुण्या-मुंबईच्या पन्नास गाड्या उभ्या असतात. शेजारच्या सतरंजीवरची सॅक उचलून स्वतःच्या डिकीत टाकायला आणि तासाभरात माणगाव गाठायला गावात राहावं लागत नाही. गावातल्या पोराला ती लेन्स विकायची तरी कुठे?

आमच्याकडे चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. बागेतला पंप जातो, वायर जाते, होडीचं इंजिनसुद्धा गेलेलं ऐकलंय. तेव्हा आमचेही लोक हळहळतात आणि पोलिसांत जातात. पण पर्यटकाची वस्तू हरवली की पहिली नजर चहाच्या टपरीवर कामाला असलेल्या पोरावर जाते, हे आम्ही कायम बघतो.

टीडीएस_कापा

भावना दुखावायचा हेतू नव्हता. पण अनुभव तो अनुभव. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

मालवणी_खाजा

आता मी बोलतंय. :)

चोरीचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या बाजूने पण ऐका. 'येवा, कोकण आपलाच आसा' हे पाहुण्यांनी जरा जास्तच मनावर घेतलंय. माझ्या चुलत्याची होडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर असते. होडी वर ओढताना खाली घालतात ते लाकडी ओंडके बाजूला रचून ठेवलेले. एका सकाळी गेलो तर अर्धे जळलेले. रात्री कॅम्पवाल्यांनी शेकोटी केली, सोबत दारूच्या बाटल्या. त्यांना वाटलं, समुद्राने वाहून आणलेलं लाकूड आहे. ते ओंडके तासून, मधोमध घासून गुळगुळीत झालेले होते, एका मापाचे होते, ओळीत रचलेले होते. समुद्र असं रचून ठेवतो का? त्या दिवशी होडी उतरवायला आठ माणसं लागली. कुंपणाच्या काठ्या, पडलेली शहाळी, मे महिन्यात आंबे, काजूची बोंडं, हे तर विचारूच नका. याला कोणी चोरी म्हणत नाही, याला म्हणतात निसर्गाच्या सान्निध्यात.

असो. आता कामाचं.

एकांतात तंबू लावू नका. पुणेकरांना निर्मनुष्य किनारा हवा असतो, पण निर्मनुष्य म्हणजे तिथे तुमचं बघायलाही कोणी नाही. किनाऱ्याला लागून माडाच्या वाड्या असतात, प्रत्येक वाडीत घर. उजेड असतानाच जा, ओटीवर बसलेल्या माणसाला विचारा, 'काका, तुमच्या खळ्यात दोन तंबू लावले तर चालतील काय?' (खळं म्हणजे घरापुढचं अंगण.) बहुतेक जण हो म्हणतील. पैसे विचारून द्या, जेवण त्यांच्याकडेच सांगा. म्हणजे तुम्ही त्या घरचे पाहुणे झालात. एकदा का वाडीत कळलं की हे अमक्याकडचे पाहुणे, की तुमच्या सामानाला हात लावणं म्हणजे त्या घराशी वैर घेणं. कुठल्याही कुलपापेक्षा हे भारी.

माझ्या घरी आलात तर म्हातारी पडवेर झोपता, तिका चुकवन मांजर पण जाणा नाय. दुपारी पाण्यात जाताना कॅमेरा तिच्या उशाशी ठेवा आणि निश्चिंत डुंबा.

दुसरं, तोंडवळी-तळाशील पट्ट्यात रापण ओढतात. पहाटे जाळं लागतं, किनाऱ्यावर दोरखंड ओढायला माणसांची रांग. त्यांच्या वाटेत तंबू लावू नका. आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. रापणकरांशी ओळख झाली तर तुमच्या तंबूवर पहाटे आपोआप दहा-वीस जणांची नजर राहील. मासळी मिळेल ती वेगळीच.

आगरातली

@मालवणी_खाजा, होडीच्या ओंडक्यांना शंभर वेळा +१.

आणखी एक. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, प्रत्येक गावाला पोलीस पाटील असतो. किनाऱ्यावरच राहायचं असेल तर त्यांना किंवा ग्रामपंचायतीत सांगून ठेवा. गाडीचा नंबर आणि कुठे उतरणार तेवढंच. सुरूची बनं पुष्कळ ठिकाणी वनखात्याकडे असतात. तिथे विचारल्याशिवाय राहू नका आणि शेकोटी तर मुळीच नको.

चोराच्या भीतीने रात्रभर मोठा दिवा लावून ठेवणारेही असतात. तुम्ही हर्ण्याहून निघताय, शेजारीच आंजर्ले. जानेवारीत तिकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. उजेड दिसला की मादी परत फिरते, आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे जातात. डोक्याला लावायची बॅटरी उशाशी ठेवा, पुरते.

भरतीओहोटी

सगळ्यात मोठ्या चोराचं नाव अजून कोणी घेतलं नाही. समुद्र.

पौर्णिमा गाठून येणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. तुम्ही पोचता तेव्हा ऐसपैस ओली पुळण पसरलेली असते आणि तंबू अगदी पाण्याजवळ लावायचा मोह होतो. मध्यरात्री येते ती उधाणाची भरती, महिन्यातली सगळ्यात वर चढणारी. बाहेर ठेवलेले बूट, स्टोव्ह, खुर्च्या सकाळी नसतात आणि मग लोक चोरी झाली म्हणून गावात विचारत फिरतात.

हिशोब सोपा. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. वद्य पक्षातही तसंच. थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरतं. कॅलेंडर प्रत्येक टपरीवर टांगलेलं असतं.

तंबूची जागा: वाळलेलं शेवाळ, शिंपले, प्लॅस्टिक यांची जी आडवी रेघ दिसते ती मागच्या भरतीची. तिच्या वर मर्यादवेल पसरलेली दिसेल, जांभळ्या फुलांची. तिच्याही वर, घट्ट जमिनीवर लावा. आणि गाडी वाळूत घालू नका. चोर तीन तास घेऊन गाडी ढकलून नेणार नाही, भरती नेईल.

पुणेरी_पंक्चर

बापरे, एवढं! सगळ्यांचे आभार. खळ्याची कल्पना बायकोला वाचून दाखवली, ती एकदम तयार झाली. (लॉज मागे पडलं. म्हातारीकडचं आमचं जेवणाचं पान मात्र पक्कं करून ठेवा, @मालवणी_खाजा.)

दोन शंका उरल्या. पाण्यात जाताना किल्ली आणि मोबाईल. आणि गाडीतच सगळं ठेवलं तर सुरक्षित ना? काचा काळ्या नाहीत.

चाकावरचा

चौघं आहात ना? दोन-दोन जा. याहून चांगला उपाय कोणी शोधलेला नाही. बाहेरचे दोघं सामानही बघतात आणि पाण्यातल्या दोघांनाही. किनारा अनोळखी असेल तर दुसरं कारण जास्त महत्त्वाचं.

एकदमच जायचं असेल तर गळ्यात अडकवायचे पाणबंद पाऊच मिळतात. जायच्या आधी घरी बादलीत, आत टिशू पेपर घालून, अर्धा तास बुडवून बघा. बटणाची किल्ली पाऊचमध्येसुद्धा खाऱ्या पाण्यात नेऊ नका. एक थेंब आत गेला तर गाडी टोईंगवर. ती खळ्यातल्या माणसाकडे द्या. टायरवर, बंपरखाली ठेवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे चोरालाही. वाळूत पुरून वर खुणेचा दगड ठेवणारेही पाहिलेत. नंतर सगळ्यांना सगळे दगड सारखेच दिसतात.

गाडीचं म्हणाल तर किनाऱ्यावर पोचल्यावर डिकी उघडून त्यात सॅक कोंबायच्या नाहीत. बघणारा ते बघत असतो. दोन किलोमीटर आधी कुठेतरी थांबा, काय डिकीत जायचं ते तिथेच टाका. किनाऱ्यावर उतरताना हातात फक्त टॉवेल आणि पाण्याची बाटली. सीटवर काहीही दिसता कामा नये. चार्जरची वायर लोंबत असली तरी मोबाईल आहे असं वाटतं. रिकामी लॅपटॉप बॅगसुद्धा काच फुटायला पुरते, ती रिकामी आहे हे काच फोडल्यावरच कळतं. आणि मित्राला सांगा, लॅपटॉप घरी ठेव. फोनवर कॉल घेता येतो.

अभिवक्ता

कायद्याचं थोडं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०५ मध्ये, माणसाच्या राहण्यासाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून, तंबूतून किंवा जहाजातून केलेली चोरी असा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानातही कलम ३८० मध्ये तंबू होताच. म्हणजे तुमचा तंबू कायद्याच्या नजरेत घरासारखाच. उघड्या वाळूवर ठेवलेली सॅक गेली तर ती कलम ३०३ खालची साधी चोरी, आणि तिथे ऐवज ५,००० रुपयांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तक्रार लिहिताना वस्तू तंबूच्या आतून गेली असेल तर तसं नीट लिहा.

ठाण्यात बऱ्याचदा 'गहाळ' अशी नोंद करून दाखला देतात. सिमकार्ड परत घ्यायला तो चालतो. पण विम्याचा दावा करायचा असेल तर चोरीचा गुन्हा नोंदवून घ्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते आणि ते पुढे वर्ग करतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. ठाणेदाराने नोंदवलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. रात्री अडचण आली तर ११२.

मोबाईल गेला तर आधी सिम बंद करा, मग बँकेला फोन. यूपीआय त्याच नंबरावर असतं. त्यातून पैसे गेले असतील तर १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्यानंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो. त्याला पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय नंबर लागतो. तो १५ आकडी नंबर फोनवर *#०६# दाबला की दिसतो, पण फोन गेल्यावर कसा दाबणार? निघायच्या आधी चौघांचे नंबर एका कागदावर लिहून घरी ठेवा. कॅमेरा आणि लेन्सवरचे सीरियल नंबरही, बिलांच्या फोटोसकट.

मूळ लायसन्स आणि आरसी घरीच राहू द्या. डिजिलॉकरमधली प्रत ग्राह्य धरतात.

निवृत्त_बोका

@अभिवक्ता, कायद्यात तंबू आहे हे वाचून उर भरून आला. कुत्र्यांना कोणतं कलम?

आगरातली

बोकोबा :D

रेडीमेड कॅम्पबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आता किनाऱ्याकिनाऱ्यावर तंबू आधीच लावलेले मिळतात, माणशी पैसे, रात्री बार्बेक्यू आणि गाणी. तिथे पंचवीस तंबू एकसारखे, रात्री अकराला अर्धे लोक झिंगलेले, कोण कुणाच्या तंबूत शिरतोय कोणी विचारत नाही. आणि फाटकाशीच पाटी, 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली'. पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा: कुलूप लावता येईल असं कपाट किंवा खोली आहे का, आणि रात्री राखणीला माणूस कोण? दोन्हीला नुसतं हसून उत्तर आलं तर पुढच्या गावात जा.

मालवणी_खाजा

पंक्चरभाऊ, म्हातारीला विचारलं. म्हणाली, येऊ देत, पण मासे खातत ना ता आधी इचार. आणि येताना स्वतःची लाकडं आणा. :P

पुणेरी_पंक्चर

खातात, खातात! चौघंही. शेकोटी रद्द, गॅस आणतोय.

शेवटची शंका, मग धागा बंद करतो. दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवली की वर डेकवर जायचं असतं ना? तेवढा वेळ सामान गाडीत ठेवायचं का सोबत न्यायचं?

भरतीओहोटी

गाडीतच ठेवा, काचा लावा, लॉक करा. चोर पळून जाणार कुठे, पाण्यात? पण धोपाव्याला बोट लागायच्या जरा आधीच खाली उतरा. मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न सुरू झाला की घाईघाईत मोबाईल डेकवरच्या बाकावर राहतो. आणि हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाका.